मी दगा देणार, हे अरुणाने ओळखले

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण माझी कीव करू नका. हुपरीतल्या एका घरात, चांदी आटवायच्या भट्टीपासून एक भिंत सोडून, मी अजून कामाला उभा आहे.

मला आणले अरुणाने. तिचे सासरे आण्णा म्हणजे पैंजणांचे नामांकित कारागीर. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा गाव हळहळले, "आण्णांची नक्षी संपली." अरुणाने ते ऐकले आणि कोल्हापुरात शाहूपुरीला जाऊन मला घेऊन आली. आण्णा माझ्यासमोर बसून सांगायचे, "हितं पाकळी वाकव. तशी न्हाय गं, लाजल्यागत!" आणि अरुणा माऊसने रेघ वळवायची. अशी कित्येक वर्षांची नक्षी माझ्या पोटात साठली. पाहुणे पडद्याकडे बघून वाहवा करायचे आणि मी फुशारून जायचो.

मग माझेही वय झाले. पंखा घरघरू लागला. काम संपले की माझ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडू लागला. एकदा दुरुस्तीवाला मला उघडून म्हणाला, "ताई, ही डिस्क कधी दगा देईल सांगता येत न्हाय."

अरुणाचा दीर केतन कोल्हापुरात नोकरीला. तो रविवारी आला. "वहिनी, क्लाउडवर टाका की समदं! कंपनीच्या मोठ्या संगणकांवर प्रत राहती. मी वापरतो ती सेवा फुकट हाय."

"ठेवायला फुकट. पण परत द्यायचं काय?" अरुणा म्हणाली.

तिने एक नक्षी तिकडे चढवली आणि माझ्यातून पुसून टाकली. थोड्याच वेळात ती तिकडूनही नाहीशी झाली. इकडे जे होईल तेच तिकडे, अशी त्या सेवेची रीत.

"कचरापेटीत काही दिवस राहतंय, वहिनी."

"आन् मला उशिरा कळलं तर?"

दुसऱ्या कंपनीकडे इकडे पुसले तरी जुन्या प्रती राहत होत्या. पण आपण ठेवलेले कंपनीला उघडता येते, हे कळताच आण्णा कडाडले, "माझी नक्षी परक्यानं उघडून बघायची? जमायचं न्हाय!"

अरुणाने शोध सोडला नाही. अखेर तिला अशी सेवा मिळाली, जिथे घरातून निघण्यापूर्वीच नक्षीला कुलूप लागायचे आणि किल्ली तिच्याकडेच राहायची. किल्ली म्हणजे पासवर्ड.

केतन बिचकला. "पासवर्ड विसरला तर कंपनीलाबी उघडायचं न्हाय. सगळंच बुडंल, वहिनी."

"मग विसरायचं न्हाय! आण्णा, तुमीबी पाठ करा."

तिने पुन्हा एक नक्षी माझ्यातून पुसली. या वेळी ती परत आली. आण्णांनी चष्मा लावून पाकळी न् पाकळी तपासली आणि म्हणाले, "हाय, माझीच हाय." तेव्हा कुठे अरुणाने त्या सेवेचे पैसे भरले आणि सगळी नक्षी वर चढवली.

खरे सांगू? मला राग आला होता. इतकी वर्षे राबलो आणि माझ्यावरच विश्वास नाही! पण भर दुपारी काम चालू असताना माझी डिस्क बंद पडली, आणि माझा सगळा तोरा उतरला.

नवी डिस्क बसली. अरुणाने पासवर्ड घातला. एकेक पैंजण पडद्यावर उमटू लागले. आण्णा नावे घेत होते, अरुणा डोळे पुसत होती. फक्त त्या सकाळची नक्षी आली नाही. इंटरनेट बंद होते, ती वर गेलीच नव्हती.

अरुणाचा चेहरा पडला. आण्णांनी डावा हात टेबलावर आपटला. "रडतीस काय? हात गेला तवा मी थांबलो न्हाय, एका चित्रापायी थांबू? बस. काढ परत!"

ती बसली. दुसऱ्यांदा काढताना आण्णांनी मधली वेल बदलून घेतली. तेच पैंजण आज हुपरीत घरोघरचे लोक मागून नेतात.

म्हणून मित्रांनो, ऐका. मला फडक्याने पुसा, धूळ झाडा, माझ्यावर कपडे टाकू नका. तेवढा मान मी कमावला आहे. पण जिवापाड जपलेले काहीही माझ्या एकट्याच्या हवाली करू नका. त्याची प्रत दुसरीकडे ठेवा, आणि ती परत मिळते का, ते आजच मागून बघा. मी पुन्हा बंद पडेन, त्याचे मला भय नाही. पडलो तर एक डबा पडेल. आण्णांची नक्षी पडणार नाही!