माझ्यावरचा पेंढा

मी एक जुना ट्यूलिपचा कांदा आहे. मित्रांनो, तुमच्या भाजीतल्या कांद्यासारखाच मी दिसतो. फक्त माझ्या पोटात एक लाल फूल घडी घालून ठेवलेलं असतं. मोठ्या सरोवराच्या काठी, हिवाळ्यात कुंपणसुद्धा बर्फात बुडतं अशा गावी, शाळेच्या अंगणात माझं आयुष्य गेलं.

दर पानगळीत लेहटो बाई मुलांच्या हातून मला मातीत लावून घ्यायच्या. देशभरातल्या कितीतरी शाळा असेच कांदे लावतात. ज्या दिवशी हिरवा कोंब वर दिसेल, त्या दिवशी त्या गावी वसंत आला, असं ठरलेलं. मग ती बातमी सगळ्या शाळांना कळवायची. बाई मुलांना बजावायच्या, "लावा आणि विसरा. पांघरूण नको, उकरणं नको. लाड केले तर कांदा खोटं बोलेल."

गेल्या पानगळीत त्यांनी खुर्चीवर बसूनच आम्हाला लावून घेतलं. पहिला बर्फ पडायच्या आत त्या गेल्या. वर्ग त्यांच्या मुलीकडे, हेल्मी बाईंकडे आला. एका संध्याकाळी त्या एकट्याच आल्या आणि आईने लावलेल्या शेवटच्या कांद्यांवर पेंढ्याचा जाड थर पसरून गेल्या.

तिथून माझी भीती सुरू झाली. थंडीची नव्हे, थंडीत झोपल्याशिवाय मला फूलच येत नाही. पण त्या उबदार पेंढ्यात रानउंदराने घर केलं. शेजारचा कांदा कुरतडला जाताना मी ऐकला. कर्र, कर्र. मग शांतता. मग त्याच्या पलीकडचा. मला पळायला पाय नाहीत, ओरडायला तोंड नाही. आता आपली पाळी, एवढं एकच मनात घेऊन मी पडून होतो.

अंगणातला बर्फ वितळला, तरी ऊन न पोहोचल्याने पेंढ्याखालची माती गोठलेलीच होती. मी कसाबसा कोंब वर ढकलला. वरही काळोखच!

"पलीकडच्या गावातसुद्धा वसंत आला. आपलेच कांदे मेले वाटतं," वर कुणीतरी म्हणालं.

"तू काल गात होतास ना इथे? त्यानेच मेले."

"गप रे, रोनन! बाई, एकच उकरून बघू या ना. चमच्याने."

"थांबा, मी बघते," हेल्मी बाई म्हणाल्या. त्यांनी गुडघे टेकल्याचा हादरा मला जाणवला. पेंढ्यातून खुरपं आत घुसलं आणि माझ्या कोंबाला घासून गेलं. पुढच्या घावाला तो तुटला असता. कोंब तुटला की त्या वर्षीचं फूल गेलं.

"बाई," ब्रिटा नावाची मुलगी हळूच म्हणाली, "लेहटो बाई उकरू द्यायच्या नाहीत."

खुरपं थांबलं.

"पांघरूणही घालू द्यायच्या नाहीत. मग हा पेंढा कुणी टाकला?" ब्रिटाने पुढे विचारलं.

खुरपं हळूच वर निघून गेलं.

"मी," हेल्मी बाई म्हणाल्या. "आईला फार थंडी वाजायची गं, शेवटी शेवटी."

मग मुलांनी हातांनीच पेंढा उचलला. रानउंदीर पळाला, रोनन किंचाळला, आणि सगळे त्याला हसले. माझ्यावर उजेड पडला.

"पिवळाच आहे हा. जगेल?" ब्रिटाने विचारलं.

"माहीत नाही," हेल्मी बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी पुन्हा कडाका पडणार होता. हेल्मी बाई घोंगडी घेऊन आल्या. माझ्यापाशी वाकल्या. मी भीतीने गारठलो: आता पुन्हा काळोख! पण त्या तशाच थांबल्या. मग ती घोंगडी त्यांनी स्वतःच्याच खांद्यांवर ओढली आणि शाळेच्या पायरीवर बसून राहिल्या.

थोड्याच दिवसांत माझा कोंब हिरवा झाला. वसंत आल्याची बातमी मुलांनी सगळ्या शाळांना कळवली. आमची सर्वांत शेवटी पोहोचली असेल.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. माझ्या जिवाची काळजी वाटली, तर मला झाकू नका, उकरू नका. पायरीवर येऊन बसा. तुम्ही तिथे आहात, हे मातीतून कळतं मला.