ऐकू येण्याइतकं

केसांतली शेवटची पीन काढून विनिताने ट्रेमध्ये ठेवली. बांगड्या आधीच उतरल्या होत्या. मंगळसूत्राशी तिचा हात थबकला, तेव्हा सासूबाईंनी, कमलाक्षींनी, पुढे होऊन ते सोडवलं आणि आपल्या मुठीत धरलं. आतल्या खोलीत कसलाही धातू चालत नव्हता. मेंदूतले चुंबकीय तरंग इतके क्षीण असतात, की एवढ्याशा पिनेनेही ते झाकले जातात, असं डॉक्टर सेजलने सांगितलं होतं.

आत तिचा नवरा साईश पडून होता. आमोण्याच्या धक्क्यावर कामावर असताना खनिजाच्या बार्जवरून घसरून त्याचं डोकं आपटलं, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. डोळे उघडे असत, पण कुणावर ठरत नसत. आज त्याच्या डोक्यावर एक हलकं हेल्मेट होतं. त्यातल्या काचेच्या बारीक कुप्यांत अणूंची वाफ भरलेली. मेंदूत काही हललं की ते अणू डळमळत आणि बाहेरच्या पडद्यावर रेघ उमटे.

विनिताने त्याच्या कानाशी दिलेली वाक्यं वाचली.

"माणसं भात जेवतात."

जरा थांबून, "माणसं खिळे जेवतात."

अशी बरीच.

बाहेर आल्यावर सेजलने पडदा त्यांच्याकडे वळवला.

"चुकीचं वाक्य आलं की त्यांचा मेंदू अडखळतो. म्हणजे त्यांना अर्थ कळतोय. ते ऐकताहेत."

कमलाक्षींनी पदर तोंडाशी नेला. "मगे आता बरो जातलो?"

"तसं नाही सांगता येत, आई. हे यंत्र फक्त दाखवतं. उपाय अजून आमच्याकडे नाही."

"कधीपासून ऐकतोय?" विनिताने विचारलं.

"नक्की नाही सांगता येणार. कदाचित सुरुवातीपासून."

घरी परतताना ॲम्ब्युलन्समध्ये साईशच्या दोन्ही बाजूंना दोघी बसल्या होत्या.

साईशची खाट पहिल्यापासून बाहेरच्या खोलीत होती. सगळं बोलणं तिथेच चाले. धाकटा दीर अमोल तिथेच म्हणाला होता, "तेका खंय तरी ठेवूक व्हयो." साईशला भरवताना कमलाक्षी देवाला विनवत, "सोडय रे तेका." आणि मागच्या महिन्यात, नळीतून पेज घालता घालता, विनिता माहेरी फोनवर म्हणाली होती, "माका आता जमना."

संध्याकाळी अमोल कामावरून आला. कमलाक्षींनी त्याला खुणेनेच मागच्या दारी नेलं. शेजारची मालती विचारपूस करायला आली, तिलाही पायरीवरच थांबवलं. कुणी खोलीतून गेलंच, तर पाय न वाजवता जाई.

विनिताने साईशला पेज दिली, मान पुसली. बोलायला तिने दोनदा तोंड उघडलं. त्याच्या अंगावरची चादर नीट केली, मग पुन्हा तीच नीट केली.

"पेज गरम नव्हती मरे?" ती म्हणाली.

तो छताकडे पाहत होता.

तिने खिडकीतला रेडिओ आणून त्याच्या उशाशी लावला. कोकणीतून बातम्या चालू होत्या. ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. आत अमोल हळू आवाजात आईला पुन्हा साईशला कुठेतरी ठेवण्याबद्दल समजावत होता. दारात उभी राहून विनिताने ते क्षणभर ऐकलं; खाटेपर्यंतही ते पोचलं असतं. मग मागे फिरली, रेडिओचा आवाज थोडा वाढवला, आणि त्यांच्यात जाऊन बसली.