दोरीवरचा फोटो

ऋतुजा गुणाची पोर होती. हे मी म्हणत नाही, गाव म्हणायचं. बाकीच्यांची लेकरं आईचा पदर धरून रडायची; माझी एकदा बांधावर बसवली की सोयाबीन काढून होईपर्यंत तिथंच. शेंगा ओळीत मांडायची, मोडायची, परत मांडायची. "तुझं नशीब लई चांगलं बघ गीतांजली, पोर कामाला आडवी येत न्हाई," बाया म्हणायच्या. मुलगी गप्प बसली की आपल्याकडं ती शहाणी ठरते. तिच्या जागी मुलगा असता तर सगळ्या घरानं कधीच दवाखाना गाठला असता.

मला मात्र तिनं आडवं यायला हवं होतं. पदर ओढावा, "आई" म्हणून डोकं उठवावं, असं फार वाटायचं. अडीच वर्षं होत आली तरी तिनं मला एकदाही हाक मारली नव्हती. काही लागलं तर यायची, तोंडाकडं न बघता माझं मनगट धरायची आणि हात नेऊन बिस्किटाच्या डब्यावर नाहीतर दाराच्या कडीवर ठेवायची. डबा उघडला की मनगट सोडून द्यायची. तेवढा वेळ तिची बोटं माझ्या हातावर असायची, म्हणून मी झाकण मुद्दाम घट्ट लावत असे. हसायचं त्यानं हसावं.

माझे सासरे, दगडोबा, यांच्याकडं यावर इलाज होता. पेरूला आमच्याकडं जांब म्हणतात. राघूनं उष्टावलेला जांब खाल्ला की मुकं लेकरू बोलायला लागतं, असं त्यांचं ठाम मत. विहिरीवरच्या झाडाखाली ते सकाळीच जाऊन उभे राहायचे, राघूनं टोचलेला जांब हुडकून धोतराच्या सोग्यात आणायचे. ऋतुजाला मऊ, गिळगिळीत काही तोंडात चालत नसे. ती थुंकायची, ते परत भरवायचे.

"मामा, राहू द्या की," मी सासऱ्यांना म्हणायचे.

"अगं, भागवत बी उशिरा बोलला. आता बोलून राहिला का न्हाई?"

भागवत म्हणजे माझा नवरा. तो लोह्याला आडत दुकानात कामाला होता आणि आता बोलत होता खरा, पण वडिलांपुढं नाही. जांबाचा एक बहार असाच गेला. मग दुसरा आला.

अंगणवाडीच्या दिपालीताईंनी एकदा लेकरांची वजनं घेताना ऋतुजाला पाठीमागून हाक मारली. तिनं बघितलं नाही. परत मारली, जोरात मारली, तरी नाही. मग ताईंनी बिस्किटाचा पुडा नुसता चुरचुरवला, तशी मान गर्रकन वळली.

"कान चांगले हायेत गं," ताई हळूच म्हणाल्या. "नांदेडला दाखव. शाळेच्या वयाची वाट बघू नको, आत्ताच जा."

मी त्याच आठवड्यात गेले. मामा रागावले. "गुणाच्या पोरीला येडं ठरवायला निघाली," असं पारावर सांगून आले. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं. आजार नाही म्हणाले, तिचं जग बघायचं, समजून घ्यायचं तंत्र वेगळं आहे. लवकर आलात ते बरं केलं. मी तिथं रडले नाही. लोह्याच्या स्टँडवर उतरल्यावर रडले, आणि ऋतुजा शांतपणे एसटीच्या चाकाचे बोल्ट बघत उभी राहिली.

दवाखान्यातल्या राजकन्या मॅडमनी मला शिकवलं. बुटाच्या खोक्याचे तुकडे कापायचे, त्यावर बिस्किटाचा कागद, पेल्याचं चित्र, झोक्याचा फोटो चिकटवायचा आणि दोरीवर चिमट्यानं टांगायचा. तिला जे हवं ते तिनं काढून आपल्या हातात द्यायचं. "आणि कार्ड हातात आलं की वस्तू लगेच मिळाली पाहिजे," मॅडम बजावायच्या. "सुरुवातीला एकदा जरी फुकट गेलं ना, तर तिला वाटेल की मागून काही होत नाही."

सगळ्यात शेवटी मी बचत गटासाठी काढलेला माझा फोटो टांगला. त्यात मी घाबरलेल्या चोरासारखी दिसते, पण चेहरा माझाच आहे. ऋतुजानं बिस्किट मागितलं, पाणी मागितलं, झोका तर दिवसभर मागितला. माझ्या फोटोला हात लावला नाही. "तुम्ही समोरच असता, तुम्हाला कशाला मागेल?" मॅडम म्हणाल्या. पटलं मला. दुखायचं काही थांबलं नाही.

पुढं दिवाळीनंतर चाकूरला माझ्या भावाच्या मुलीचं बारसं आलं. आत्या मीच, नाव ठेवायचा मान माझा. लाऊडस्पीकर आणि गर्दीत ऋतुजाचे हाल झाले असते, म्हणून तिला पहिल्यांदाच मामांजवळ ठेवलं आणि पहाटेच्या गाडीनं निघाले.

माहेरचं अंगण लेकरांनी भरलं होतं. "आई, ही मारतीय." "आई, मला पाणी." एकेक हाक मी कान देऊन ऐकत होते. आणि त्यांच्या आया काय म्हणत होत्या? "गप बस जरा, डोकं खाऊ नको!" एकेकीच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

पाळणा सजत होता तेवढ्यात मामांचा फोन आला. आवाज चिडलेला.

"ही पोर काय करून राहिली, मला काही कळंना बघ. दोरीवरचा तुझा फोटू काढला आन् माझ्या हातात दिला. बिस्किट दिलं, घेत न्हाई. पाणी दिलं, सांडलं. जांब दिला तर फेकला. फोटू जागंवर लावला की परत काढून देतीय. काय पायजे हिला?"

मी फोन घेऊन गर्दीतून बाहेर आले.

"मामा," मी म्हणाले, "मी पायजे."

मग ते अगदी हळू म्हणाले, "म्हंजी... हाका मारून राहिली का गं ही तुला?"

"हाव, मामा. तो फोटो आता दोरीवर लावू नका. हातात धरून तिच्याजवळ बसा. मी येऊन राहिले."

मागून काही होत नाही, असं तिला वाटायच्या आत मला पोचायचं होतं. मी पाळण्यावर वाकले, बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं. पोरींनी माझ्या पाठीत चार धपाटे घातले, तेवढे खाल्ले. आई ओरडत राहिली, "अगं, ओटी तरी घे! आत्या जेवल्याबिगर जाती का कुठं?" मी चप्पल अडकवून रस्त्यावर पळाले. नांदेडकडची गाडी मिळाली. अहमदपूरला ड्रायव्हर चहाला उतरला, तेव्हा त्याला मी मनातल्या मनात काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही.

घरी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मामा उंबऱ्यावर बसले होते, फोटो दोन्ही हातांनी छातीशी धरून. जेवलेले दिसत नव्हते. शेजारी ऋतुजा, तिनं चिमटे एका ओळीत मांडलेले.

"म्या हातातून सोडला न्हाई बघ," मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

ऋतुजा पळत आली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि थांबले, मॅडमनी शिकवलं होतं तसं. ती आणखी दोन चिमटे मांडत बसली. मग हात लांब करून तिनं माझं मनगट धरलं. आता ती हात कुठं नेते म्हणून मी बघत राहिले. डब्याकडं नेला नाही, कडीकडं नेला नाही. कुठंच नेला नाही. नुसतं मनगट धरून बसली.