धुतलेलं इंजिन

"इंजिन कोणी धुतलं?" मी विचारलं.

धाकटा भाऊ त्याच्या पिकअपच्या शेजारी हाताची घडी घालून उभा होता. गाडी सकाळीच क्रेनने ओढून आणून आमच्या आवारात टाकली होती. बॉनेट उघडं होतं आणि आतलं इंजिन लख्ख चमकत होतं.

"घाण झालं होतं, ताई. म्हटलं, तुला बघायला त्रास नको."

"माझी एवढी काळजी? दोन वर्षांत काच पुसली नाहीस तू. सीटखाली चहाचे कागदी कप लोळताहेत. आणि बंद पडलेल्या गाडीचं इंजिन धुवायला बरा वेळ मिळाला तुला!"

तो खाली बघायला लागला. मला संताप आला.

या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी एकोणीस वर्षं वॉरंटीच्या टेबलावर बसते. गाडीत बिघाड झाला, की तो कंपनीच्या चुकीने झाला की मालकाच्या कर्तबगारीने, हे माझ्या अहवालावर ठरतं. एकोणीस वर्षांत मी एवढंच शिकले, की जो माणूस इंजिन धुवून आणतो त्याने इंजिनातून काहीतरी काढून ठेवलेलं असतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. धूळ खाल्लेल्या इंजिनात एखादी वायर तेवढी स्वच्छ दिसली तर पकडले जाऊ, या भीतीने हे शहाणे अख्खं इंजिन धुतात. आणि धुतलेलं इंजिन दुरूनच ओरडून सांगतं, की बाबांनो, या, माझ्यात काय होतं ते शोधा.

जे होतं ते म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी. बाजारात मिळते. इंजिनात हवा किती दाबाने जाते हे मोजणारा एक सेन्सर असतो, त्याच्या वायरीत ही डबी घुसवायची. मग डबी गाडीच्या संगणकाला खोटं सांगते, की दाब कमी आहे. संगणक बिचारा विश्वास ठेवतो आणि हवा आणि डिझेल वाढवत बसतो. गाडी चढावर हरणासारखी पळते. मालक खूश. इंजिन आतून भाजत असतं, ते त्याला दिसत नाही.

भावाचं काम फरशा पोचवण्याचं. नवी घरं सगळी टेकडीवर चाललेली, फरशीचे खोके म्हणजे नुसते दगड, आणि चढावर गाडी रडायची. वर्षभर तो माझ्यामागे लागला होता, "ताई, ताकद वाढवायला काहीतरी सांग, पण वॉरंटी जायला नको."

मी सांगितलं नाही का? घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. एअर फिल्टर वेळेवर बदल. टायरमधली हवा दर आठवड्याला बघ. दीडपट माल एका फेरीत कोंबू नको, दोन फेऱ्या कर. आणि खरंच ताकद हवी असेल, तर कंपनीचीच एक सोय आहे. गाडी दोन दिवस आमच्याकडे ठेवायची, आमची माणसं संगणकातली मांडणी बदलून देतात, सर्व्हिसच्या पुस्तकात नोंद होते, वॉरंटीला धक्का लागत नाही. ताकद डबीइतकी वाढत नाही, पण इंजिन शाबूत राहतं. यादी मोठी असते. मी स्वतः त्याचं नाव यादीत घातलं होतं. येत्या सोमवारी त्याचा नंबर होता. सोमवारी! पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय, ते मला विचारा.

मी फॉर्म काढला. सातवा प्रश्न असा आहे : वाहनात कंपनीबाहेरचा कोणताही बदल केला आहे का? हो किंवा नाही.

"हे बघ," मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली, "बस. पाणी पी. आणि नीट ऐक. खरं लिहिलंस तर वॉरंटी मिळणार नाही. पण मी कंपनीला वेगळी विनंती लिहू शकते. माणूस प्रामाणिक आहे, गाडीवर पोट आहे, निम्मा भार उचला म्हणून. आजवर अशा सात विनंत्या लिहिल्या, तीन मंजूर झाल्यात. खोटं लिहिलंस तर ते दारही बंद. कळलं?"

"कळलं."

"मग लिही."

तो पेन बोटांत फिरवत बसला. मग म्हणाला, "ज्याने ती... म्हणजे माझा एक मित्र आहे. तो म्हणतो, वॉरंटीवाले असंच गोड बोलून कबूल करून घेतात. आपण 'नाही'वर ठाम राहायचं. पुरावा नसला की ते काही करू शकत नाहीत."

"वॉरंटीवाले म्हणजे कोण रे? मी?"

"तू नाही गं. कंपनी."

"इथं समोर कंपनी बसलीय का? बहीण बसलीय तुझी!"

शेजारच्या टेबलावरची दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी आवाज खाली आणला. भावाने 'नाही'वर खूण केली, खाली सही ठोकली आणि कागद माझ्याकडे ढकलला. माझ्याकडे बघितलं नाही.

आमच्या कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी फॉर्मचा फोटो काढून मुख्य कार्यालयाला पाठवायचा, मगच गाडीला तपासणीचं मशीन लावायचं. मशीनवरचे आकडे बघून कोणी उत्तर बदलू नये म्हणून. फोटो पाठवायचं बटण दाबताना मी त्याला अजून एकदा विचारलं. तो म्हणाला, "पाठव." मी पाठवला.

आमचे हेडमिस्त्री हे सगळं लांबून बघत होते. त्यांनी मला कंप्रेसरच्या मागे बोलावलं. या माणसाशी मी आयुष्यभर भांडत आलेय. कुठल्याही गिऱ्हाइकाची त्यांना दया येते आणि त्यांचा अर्धवट अहवाल मला परत पाठवावा लागतो.

"ताई, मी कॅमेरा आत घालून पिस्टन बघितला. आरपार वितळलाय," ते हळू आवाजात म्हणाले. "पण असं बघा, इंजिन धुतलंय. पाणी संगणकाच्या जोडणीत गेलं, आकडे वाचता आले नाहीत, असं लिहू. होतं असं कधी कधी. सही मी करतो. तुम्ही फक्त शेरा मारू नका."

त्यांची मला भयंकर चीड आली. चीड यासाठी, की ते चांगले होते. आणि यासाठी, की क्षणभर मी खरोखर हिशेब करायला लागले. कुणाला कळणार होतं? वर बसलेल्यांनी माझ्या अहवालावर कधी शंका घेतलेली नाही. ती का घेत नाहीत, हेही मला माहीत होतं.

गेल्याच महिन्यात एका दूधवाल्याचा अर्ज मी नाकारला. त्यानेही डबी लावली होती, त्यानेही इंजिन धुतलं होतं. तो म्हातारा माझ्या टेबलासमोर उभा राहून रडला आणि मी त्याला नियम वाचून दाखवला. त्याला कुणी बहीण नव्हती इथं बसलेली.

"मशीन आणा," मी म्हटलं.

डबी काढली तरी संगणक विसरत नाही. इंजिन किती वेळा मर्यादेबाहेर तापलं याची नोंद त्यात राहते, हे त्या मित्राला माहीत नसावं, किंवा असावं आणि त्याला काय पडलंय. भाऊ माझ्या खांद्यामागे उभा राहून पडदा बघत होता. आकडा आला : चारशे बारा.

"चारशे बारा काय?" त्याने विचारलं.

"चारशे बारा वेळा इंजिन ओरडलं, की बस कर."

त्याने तो आकडा पुन्हा वाचला. मग अगदी लहान आवाजात म्हणाला, "ताई, आता 'हो' लिहू का?"

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. यातलं काहीही न करता मी म्हटलं, "फॉर्म गेला रे," आणि अहवाल टाइप करायला बसले. शेवटची ओळ : अर्ज अमान्य. खाली माझी सही.

तो एकच वाक्य बोलला. "तुझ्या हातात होतं."

"हो, होतं," मी म्हटलं.

नाकारलेली गाडी दुपारपर्यंत आवारातून हलवायची असते. वॉरंटीत नसलेल्या गाडीला क्रेन मिळत नाही. भावाने फरशीच्या दुकानातली एक गाडी मागून आणली आणि दोरही आणला. घराजवळचा एक गॅरेजवाला जमेल तसं इंजिन दुरुस्त करून देणार होता. भावाने दोर बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की मागच्या गाडीत स्टिअरिंग धरायला कुणीतरी लागतं. शेजारचा एक ड्रायव्हर येणार होता, तो आलाच नव्हता. भाऊ फोन लावत राहिला. मी खिडकीतून बघत होते. असा हा माणूस, दोर आणायचं आठवलं, माणूस आणायचं आठवलं नाही!

मी अर्ध्या दिवसाची रजा लिहिली, पर्स उचलली आणि जाऊन बंद गाडीच्या सीटवर बसले. आवारात गाड्या पुढेमागे रोज मीच करते. भावाने बघितलं. "नको" म्हणाला नाही, "बरं झालं" म्हणाला नाही. पुढच्या गाडीत जाऊन बसला.

इंजिन बंद असलं, की स्टिअरिंग दगड होतं आणि ब्रेक लाकूड. वळणावर मी दोन्ही हातांनी अंगातलं सगळं बळ लावत होते. ब्रेक दाबायला अर्धवट उभं राहावं लागत होतं. आणि माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता. सोमवारी नंबर होता, गाढवा. सोमवारी! बाहेरच्याचं ऐकलंस, घरच्या माणसाचं नाही. रिकाम्या केबिनमध्ये मी एकटीच बोलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

समोर त्याची पाठ दिसत होती. त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही. मग उताराचा रस्ता आला. दोर सैल पडायला लागला आणि माझी गाडी त्याच्या गाडीवर जायला लागली, तेव्हा त्याच्या खिडकीतून हात बाहेर आला. पंजा खाली करून, हळू, हळू. मी ब्रेकवर उभी राहिले. पुढे खड्डा आला, तेव्हा पुन्हा हात. गतिरोधक आला, पुन्हा हात. घर येईपर्यंत त्याने तो हात आत घेतला नाही.