अंगठ्याखाली सरळ चालणारी वाटी

मी वाटी आहे. स्वयंपाकघरातली नव्हे, उजव्या गुडघ्यावरची. माझ्या मालकीणबाई शिवणकाम करतात. त्यांच्या डॉक्टरांची मला इतकी शिसारी आली आहे की बोलल्यावाचून राहवत नाही.

बाई जन्मल्या तेव्हा मी नुसती मऊ कूर्चा होते. त्यांचं रांगणं संपून धावणं सुरू झालं, तशी मी हाड झाले. मांडीच्या हाडाच्या टोकाला एक खोलगट चर असतो. गुडघा वाकला की त्यातून खाली सरकायचं, सरळ झाला की वर यायचं, हे माझं काम. बाईंनी पायमशीनवर आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले आणि मी त्या चरातून वरखाली करत राहिले. कधी कुरकुर केली नाही.

मग सांधे झिजले. दोन पायऱ्या चढताना बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. "आधी उजवा बदलू, मग डावा," डॉक्टर म्हणाले.

हल्ली चांगल्या कृत्रिम सांध्यांत डाव्या-उजव्या पायाचा चर वेगळा असतो, खोल असतो, वरपर्यंत नेलेला असतो. डॉक्टरांचा लाडका सांधा मात्र जुन्या घडणीचा. चर उथळ, आखूड आणि दोन्ही पायांना एकच. सहायक डॉक्टरीणबाईंनी चाचरत विचारलं, "सर, दुसरा मागवू या का?"

"माझा हात यावर बसलाय," ते म्हणाले. विषय संपला.

हाडांची टोकं कापून तोच धातूचा सांधा बसवला, माझी मागची बाजू तासून तिथे प्लॅस्टिकची टिकली चिकटवली. मग आली परीक्षा. त्यांनी गुडघा वाकवला, पण वाकवताना अंगठ्याने मला आत दाबून धरलं. "बघा, कशी सरळ चालतेय."

अहो, दाबून धरल्यावर कोण वाकडं चालेल? अंगठा उचलून एकदा बघायला कितीसा वेळ लागतो? पण उचलला नाही. तसाच गुडघा शिवून टाकला आणि हातमोजे काढून चहाला गेले. आजही तो अंगठा आठवला की किळस येते.

घरी आल्यावर माझे हाल सुरू झाले. गुडघा वाकला की मी बाहेरच्या बाजूला कलायचे. खुर्चीवरून उठताना चराच्या कडेला अडकायचे आणि टक् करून जागेवर यायचे.

"अगं, टिचक्या वाजवतेस की काय?" यजमान चेष्टा करायचे. बाईंनी कळवळून टेबल धरलेलं पाहिलं, तेव्हा चेष्टा थांबली. मशीनवर तर बाई एक शिवणही पुरी करू शकेनात.

डॉक्टरांनी समोरून एक्स-रे फोटो काढला. त्यात मी धातूच्या आड धड दिसतही नाही. "काकू, फोटो एकदम झकास. तुम्हीच व्यायामात कुचराई करताय." मालही यांचा, कामही यांचं, आणि बोल बाईंना.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने मात्र माझ्यावर तळहात ठेवून गुडघा वाकवायला सांगितलं, आणि तिचा चेहराच उतरला. तिच्या आग्रहावरून गुडघा वाकवून फोटो काढला. मी चराच्या काठावर तिरकी लटकलेली, कोणालाही दिसावी अशी. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि बाजूला ठेवला. "एवढं तेवढं चालायचंच. डावा केला की तोल आपोआप येईल." वर डाव्याची तारीखही देऊन टाकली.

घरी यजमानांनी विचारलं, "मग? डाव्याचं काय करायचं?"

बाई बराच वेळ डावा गुडघा चोळत बसल्या. "दुखतो, पण माझा आहे. उजवा त्यांचा झाला. दुसरा नाही मी देणार त्यांना. दुसरं कोणी नीट बघणारं भेटलं तर बघू."

यजमानांनी फोन करून तारीख रद्द केली. मला हायसं वाटलं. डावीकडची माझी जुळी बहीण वाचली.

पण तेव्हापासून बाई मशीन फक्त डाव्या पायाने चालवतात. उजवा पाय बाजूला लांब ठेवतात, जणू कोणी परक्याने तो त्यांच्याकडे ठेवायला दिला आहे. आंघोळीआधी डाव्याला तेल चोळतात. हात माझ्यावर आला की झटकन काढून घेतात. मलाही त्या धातूइतकंच परकं समजतात.

बाई, हाडांची टोकं गेली, तो चर गेला, सगळं खरं. पण लहानपणी अंगणात पडलात तेव्हा तुमच्या आईने फुंकर घातली होती, ती माझ्यावर. या गुडघ्यात जन्मापासूनची तुमची अशी मी आहे. एकदा तरी मला हात लावा.