ॲलिक मेअरचा किनाऱ्याचा बेत

मार्च लागल्यापासून विल्मा मेअरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कुणी जेवलं नव्हतं. टेबलभर स्कॉटलंडचा पश्चिम किनारा पसरलेला होता. एका कोपऱ्यावर साखरेचं भांडं, दुसऱ्यावर मुरंब्याची बरणी, मधोमध ॲलिकचा चष्मा आणि त्यावर वाकलेला ॲलिक. नवरा-बायको ताटल्या मांडीवर घेऊन दिवाणखान्यात जेवत, आणि जेवता जेवताही ॲलिक उठून आत जाई. "थांब हं, एक मिनिट. गेअरलॉखचा मुक्काम एक दिवस अलीकडे घेतला तर?"

"घे ना बाबा. सूप गार होतंय."

ॲलिकनं सगळा जन्म उत्तर समुद्रातल्या तेलाच्या रिगवर क्रेन चालवली. दोन आठवडे समुद्रात आणि दोन आठवडे पोर्टसॉयच्या घरी. ॲबर्डीनहून हेलिकॉप्टर न्यायचं आणि तेच परत आणून सोडायचं. नाताळात तो निवृत्त झाला. पहिले दोन आठवडे मजेत गेले, कारण ते नेहमीच्या सुट्टीसारखेच होते. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र त्याच्या पायाला जी भिंगरी लागली ती थांबेना. त्यानं पन्हळी साफ केल्या, शेड रंगवली, तिच्या कपाटातले डबे खाली काढून उंचीप्रमाणे लावले. चहाची पत्ती शोधायला तिला दुपार लागली. मग एक दिवस तो मागे झोपायची सोय असलेली जुनी व्हॅन घेऊन दारात उभा राहिला आणि हॉर्न वाजवत म्हणाला, "विल्मा, आपण किनाऱ्यानं जायचं! ॲपलक्रॉसपासून थेट वरच्या टोकापर्यंत!"

तिलाही तेव्हा बरं वाटलं होतं. पण निघायचा दिवस काही उजाडेना. एप्रिलमध्ये म्हणे घाटात बर्फ असतं. मे महिन्याच्या सुरुवातीला टायर बदलायचे निघाले. मग एका मुक्कामाची जागा भरलेली म्हणून सगळा बेत पुन्हा पहिल्यापासून. आधी दक्षिणेकडून वर जायचं ठरलं, मग वरून खाली, मग परत दक्षिणेकडून. प्रत्येक बदलाबरोबर तो नकाशावर पेन्सिलीनं नवी रेघ ओढी आणि विल्माला हाक मारी. विल्मा येई, बघे, मान हलवी. रेघ तिला रेघेसारखीच दिसे.

खरं सांगायचं तर तिचा जीव वेगळ्याच कारणानं कासावीस होता, आणि ते कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ॲलिकच्या नोकरीमुळे तिच्याही आयुष्याचे दोन भाग पडले होते. तो घरी असला की खिमा-बटाटे, धुतलेले पडदे, त्याच्या भावाकडे रविवारी जेवण. तो गेला की रेडिओ मोठ्यानं, रात्रीच्या जेवणाला नुसता टोस्ट, आणि संध्याकाळी बंदरातून गावातल्या बायकांबरोबर वल्ह्यांची होडी. चौघी वल्ही मारायच्या आणि तिची मैत्रीण म्युरिएल सुकाणू धरून मागे बसून सगळ्यांना शिव्या द्यायची. हेलिकॉप्टरच्या दिवशी ॲलिकला सोडून ॲबर्डीनहून एकटी गाडी चालवत येताना विल्माला वाईट वाटे, पण खांदेही हलके होत. आता तो दिवस येतच नव्हता.

"तुझा नवरा परवा बंदरावर आला होता," म्युरिएल एकदा म्हणाली. "आपल्या होडीचे दोर कसे बांधायचे ते मला शिकवत होता."

"मग?"

"मग काय, शिकले. गरीब बिचारा, कुणाला तरी शिकवू दे."

मेच्या अखेरीला शेजारच्या गावाशी होड्यांची शर्यत होती. नेमकी त्याच आठवड्यातली निघायची तारीख ॲलिकनं पक्की केली. ताटल्या मांडीवर होत्या. विल्मा म्हणाली, "त्या आठवड्यात नाही जमायचं. शर्यत आहे."

"अगं, वल्ही काय, नेहमीचीच आहेत."

विल्मानं काटा खाली ठेवला. "आणि समुद्र नेहमीचा नाही? डोंगर पळून चाललेत?"

"मी महिनोन्‌महिने बसून हे आखलंय—"

"तेच तर! बसूनच आखतोयस! माझं टेबल गेलं, माझं कपाट गेलं, संध्याकाळही गेली. तुझ्या रिगला मी कधी म्हटलं का, की रिग काय, नेहमीचीच आहे? इतकी घाई आहे ना, तर जा एकटा!"

बोलून गेल्यावर तिचे कान तापले. खिडकीबाहेर व्हॅनकडे बघत ॲलिकनं उरलेले बटाटे संपवले, ताटली धुतली, पुसली आणि जागेवर ठेवली. मग फोरमनकडून पाळी समजून घ्यावी तशा आवाजात म्हणाला, "बरं. मी पुढे होतो. ॲपलक्रॉस, गेअरलॉख करत अलापूलला येतो. तू शर्यत उरकून बसनं अलापूलला ये. तिथून वर दोघं जाऊ."

आता त्याला अडवावं असं तिला वाटलं, पण अडवलं असतं तर पुन्हा नकाशा पसरला असता.

तो सोमवारी सकाळी गेला. व्हॅन चर्चच्या कोपऱ्यावरून वळली, आणि विल्मानं आत येऊन पहिलं काम केलं ते नकाशाची घडी घालून तो कपाटावर फेकण्याचं. ॲलिक तो मुद्दामच मागे ठेवून गेला होता. "सगळा पाठ आहे मला," म्हणाला होता. तिनं टेबल पुसलं, खुर्ची ओढली, आणि चहाचा कप समोर घेऊन राणीसारखी बसली.

संध्याकाळी फोन आला. "घाट चढलो गं! काय वळणं आहेत! खाली दरीत ढग, आणि पलीकडे स्काय बेटाचे डोंगर एकामागे एक." दुसऱ्या दिवशी तो गेअरलॉखची वाळू सांगत होता, ओहोटीला कशी लांबवर उघडी पडते ते. तिसऱ्या दिवशी एका खाडीत सील दिसले. विल्मा ऐकत होती, हूं हूं करत होती. त्याचा आवाज खुशीत होता. फोन ठेवल्यावर मात्र तिला कळेना, आता करायचं काय. रेडिओ लावला तर तो मोठा वाटला, बंद केला तर घड्याळ ऐकू यायला लागलं. टोस्ट केला आणि अर्धा टाकून दिला. पूर्वी ॲलिक गेला की तिला ठाऊक असायचं की हे दिवस मोजके आहेत, म्हणून त्यांना चव होती. आता ती या खोलीतून त्या खोलीत जाई, पडदा सारखा करी, पुन्हा बाहेर येई.

होडीतही तिचं लक्ष लागेना. तिचं वल्हं इतरांच्या आधी पाण्यात पडायला लागलं.

"विल्मा!" म्युरिएल मागून ओरडली. "आपण चार जणी आहोत बाई, तू एकटी नॉर्वेला निघालीस की काय?"

शनिवारी शर्यतीत त्या शेवटून दुसऱ्या आल्या. शेवटच्या होडीचं वल्हं मोडलं होतं. बंदरावर सगळ्या बायका हसत, भिजलेल्या जाकिटांत चहा पीत होत्या. विल्मा कप हातात धरून उभी होती. अलापूलला जायचं ठरलं होतं मंगळवारी.

"मी उद्याच जाते," ती एकदम म्हणाली.

"जा की," म्युरिएल म्हणाली. "गेला आठवडाभर तू इथे होतीस कुठे?"

ॲलिकला तिनं कळवलं नाही. त्याच्या हिशेबानं तो अजून दोन मुक्काम मागे होता. आपण आधी पोचून एखादी खोली घेऊन निवांत पडू, बंदर बघू, असं तिनं ठरवलं. इन्व्हरनेसला बस बदलली. पुढचा रस्ता डोंगरांमधून, सरोवराच्या कडेनं. अलापूलला उतरली तेव्हा वारा खारट होता आणि स्टॉर्नोवेची फेरीबोट धक्क्याला लागत होती. बॅग ओढत ती किनाऱ्याकडे आली. व्हॅन, तंबू उभे करायची गवताची जागा पाण्याला लागूनच होती, आणि तिथे, पहिल्याच रांगेत, त्यांची व्हॅन उभी होती.

विल्माला आधी वाटलं, दुसरी कुणाची असेल. मग तिला मागच्या दाराजवळचा पोचा दिसला, तो पोर्टसॉयच्या भिंतीला धडकून पडलेला. व्हॅनला कुलूप होतं. दोरीवर त्याचे मोजे वाळत होते.

समोरच्या कॅफेत तिनं बॅग ठेवली आणि काउंटरमागच्या मुलीला विचारलं, "ती व्हॅन कधीपासून आहे इथे?"

"ॲलिककाकांची? आठवडा होत आला. सोमवारी आले ते इथेच आहेत." कर्स्टी नावाची ती मुलगी कप पुसता पुसता हसली. "फेरी आली की धक्क्यावर जाऊन उभे राहतात. गाड्या कशा लावायच्या ते तिथल्या लोकांना सांगतात. ते लोक वैतागलेत, पण स्वतःसाठी चहा मागवताना आता काकांसाठीही एक मागवतात. तुम्ही ओळखता का त्यांना?"

"थोडंफार," विल्मा म्हणाली.

सोमवारी! म्हणजे घाट नाही, वाळू नाही, सील नाही. रोज संध्याकाळी इथे बसून हा माणूस तिला तोंडपाठ नकाशा वाचून दाखवत होता. विल्माच्या डोक्यात तिडीक गेली. ती तशीच धक्क्यावर निघाली. वाटेत दोनदा तिनं मनात वाक्य तयार केलं, आणि दोन्ही वाक्यं जबरदस्त होती.

ॲलिक कठड्याला टेकून उभा होता. फेरीतून ट्रक उतरत होते आणि त्याचा उजवा हात खिशाजवळ नकळत हलत होता, क्रेनच्या दांड्यावर हलावा तसा. तिला बघून तो दचकला. मग चोरी सापडलेल्या माणसासारखा पायाकडे बघत राहिला.

"सील कसे होते?" विल्मानं विचारलं.

"...जाडे."

तयार केलेली वाक्यं तिला आठवेनात. ती शेजारी जाऊन कठड्याला टेकली. शेवटचा ट्रक उतरला.

"घाटाच्या पायथ्याशी गेलो होतो," मग तो म्हणाला. "चढ अवघड असल्याची पाटी वाचली. इंजिन चालू ठेवून बसलो होतो. आणि मला वाटलं, हे चढलं की एक दिवस संपला. मग गेअरलॉख संपणार, मग हे, मग ते. वरचं टोक आलं की सगळंच संपलं. घरी येऊन मग मी काय करू, विल्मा? टेबलावर होतं तोवर ते संपत नव्हतं. नुसतं पुसून परत काढता येत होतं."

"म्हणून मला खोटं सांगितलंस?"

"खोटं कुठे? तिथे ढग असतातच."

हसू यायला नको होतं, पण आलं. तिनं ते वाऱ्यात गिळलं. मग ती म्हणाली, "मीपण एक सांगू? तू हेलिकॉप्टरनं गेलास की मला बरं वाटायचं. इतकी वर्षं."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"परत आलो की तू दोन दिवस माझ्याकडे पाहुण्यासारखी बघायचीस. आणि मलाही तिकडे बरं वाटायचं कधी कधी. आता घरात तुझ्या पायात पायात येतो मी. कळतं मला ते. पण जाऊ कुठे?"

या आठवड्यात तो पायात नव्हता तरी ती अडखळलीच होती, हे तिला सांगावंसं वाटलं, पण इतकं सगळं एकाच दिवशी बोलायची दोघांनाही सवय नव्हती. तिनं हात पुढे केला.

"किल्ली दे."

"तू चालवणार? अगं, व्हॅन जड आहे. आणि वरचा रस्ता एकपदरी—"

"किल्ली."

दोरीवरचे मोजे काढून, कर्स्टीचा निरोप घेऊन ते निघाले. पहिला तासभर ॲलिकनं दम घेऊ दिला नाही. गिअर खाली घे. डावीकडे बघ. पुढच्या वळणावर मेंढ्या असतात. विल्मा शेवटी म्हणाली, "ॲलिक, आणखी एक शब्द बोललास तर तुला इथेच उतरवीन." थोड्या वेळानं त्याचं डोकं खिडकीला टेकलं. आणखी थोड्या वेळानं तो घोरायला लागला.

आणि नेमका तेव्हाच रस्ता समुद्रावर आला. डोंगर असे सुटे सुटे, एकेकटे उभे. खाली बेटांचे ठिपके, आणि पाण्यावर उन्हाचे पट्टे सरकत होते. त्याला हलवावं म्हणून तिनं हात उचलला, पण त्याचा चेहरा बघून खाली घेतला. नाताळापासून हा माणूस असा झोपला नव्हता.

एका चढावर समोरून टपालाची लाल गाडी आली. बाजूला घ्यायची जागा मागे राहिली होती, आणि मागे म्हणजे वळण आणि उतार. तिनं आरशात बघत, इंच इंच करत, ती जड व्हॅन मागे घेतली. एकदा चाक गवतात उतरलं तेव्हा तिनं ब्रेक दाबून ते पुन्हा रस्त्यावर घेतलं. टपालवाल्यानं जाताना दोन बोटं उंचावून सलाम केला. ॲलिक घोरतच होता.

पुढे एक फाटा लागला. पाटीवर तिथल्या जुन्या गॅलिक भाषेतलं नाव होतं. ते त्याच्या बेतात होतं की नाही, तिला आठवेना. ती सरळ आत वळली. रस्ता उतरत उतरत गेला आणि पांढऱ्या वाळूशी येऊन संपला. तिनं इंजिन बंद केलं, बूट काढून पायरीवर ठेवले आणि पाण्यात जाऊन उभी राहिली. पाणी इतकं गार होतं की तिच्या तोंडून शिवी निघाली.

मागे व्हॅनचं दार वाजलं. "विल्मा!" केस उभे राहिलेला ॲलिक डोळे चोळत दारात उभा होता. "कुठे आलो आपण?"

"मला काय माहीत!" ती ओरडली. "मोजे काढ आणि ये!"