उसना गाळ

एका सकाळी माझ्या थोरल्या जाऊबाई झाकणाचा डबा घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या टाकीतली घाण हवीय थोडी."

मला वाटलं, कान वाजले. ज्या बाईने आजवर माझ्या घरात पाऊल टाकलं की आधी कपाटावरून बोट फिरवून पाहिलं, ती बाई माझ्याकडे घाण मागत होती! आणि तीही डबा घेऊन.

जाऊबाईंची स्वच्छता हा आमच्या घराण्याचा कौतुकाचा विषय आहे, आणि माझ्या डोक्याला ताप. आमची लाँड्री आहे. मामंजींनी ती सुरू केली, आता थोरले भावजी आणि जाऊबाई चालवतात. खाली दुकान, वर त्यांचं घर, आणि मामंजी त्यांच्याकडे. आमचे हे घरोघरी कपडे पोचवतात आणि आम्ही दोन गल्ल्या सोडून राहतो. जाऊबाईंना डाग दिसला की त्यांना चैन पडत नाही. समोरच्याशी बोलता बोलता त्याच्या बाहीवरचा डाग नखाने खरवडून बघतात. माणूस अनोळखी असला तरी. मी घाणेरडी नाही, हे आधीच सांगून ठेवते. मला फक्त घाई नसते. पण जाऊबाईंच्या मते मी म्हणजे गबाळेपणाचा कळस, आणि माझ्या ओट्याच्या कडेला असलेली माशांची टाकी म्हणजे डबकं. त्यांनी तिला तेच नाव ठेवलं होतं आणि पाहुण्यांसमोरसुद्धा तेच वापरायच्या.

आता हे डबकं आलं कुठून, तर मामंजींकडूनच. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि एकदा त्यांच्या हातून एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर करपली. त्या दिवशी त्यांनी इस्त्री खाली ठेवली ती ठेवलीच. मग वेळ जाईना म्हणून दिवाणखान्यात एक लांबलचक काचेची टाकी आणली, तळाला बारीक खडी पसरली, तिच्यात खऱ्या वनस्पती लावल्या आणि मासे सोडले. गप्पींची चिल्लीपिल्ली, तळाशी खडी हुंगत फिरणारे दोन करडे मासे, त्यांना मामंजी 'झाडूवाले' म्हणत, आणि एक एंजल मासा. पांढऱ्या अंगावर काळे उभे पट्टे, लांब पंख आणि चालण्यात असा रुबाब की मामंजींनी त्याचं नाव ठेवलं वकीलसाहेब. मामंजी खुर्ची ओढून काचेशी बसले की वकीलसाहेब समोर यायचे आणि मामंजींचं बोट जाईल तिकडे जायचे. झाडं वाढली की मामंजी छाटत आणि छाटलेल्या फांद्या मला देत. गप्पींना पिल्लं झाली की तीही माझ्याकडे. अशी माझी टाकी भरली. मी तिच्यात फारशी ढवळाढवळ करत नाही. काच हिरवट झालीय, वर तरंगणाऱ्या पानांनी पाणी झाकलंय, मुळ्या लोंबतात आणि मासे मजेत असतात.

मामंजी डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायला तयार नव्हते. भावजींनी सांगून पाहिलं, आमच्या ह्यांनी सांगून पाहिलं, वन्सं फोनवर रडल्या. मामंजी ढिम्म. शेवटी जाऊबाईंनीच त्यांना बरोबर पकडलं.

"मामंजी, वकीलसाहेबांचा नुसता काळा-पांढरा ठिपका दिसतो म्हणता ना? डोळे करून या. मग त्यांचे खवले बघत बसा दिवसभर. तोवर टाकी माझ्याकडे लागली."

बस, तेवढ्यावर ते तयार झाले. वन्संच्या गावी चांगलं इस्पितळ आहे, तिकडे गेले. दोन्ही डोळे व्हायचे होते, त्यामुळे मुक्काम लांबणार होता. निघताना त्यांनी जाऊबाईंना बजावलं, "चिमूटभर खायला घाल. बाकी काही करू नकोस."

काही करू नकोस! आणि हे कुणाला, तर जाऊबाईंना.

त्यांनी बिचाऱ्यांनी बरेच दिवस कळ काढली, हे मी मान्य करते. पण मामंजी परत यायची वेळ जवळ आली तशी त्यांच्या मनाने घेतलं की सासऱ्यांना आता लख्ख दिसणार, तर टाकीही लख्ख हवी. हेतू किती प्रेमाचा बघा. त्यांनी मासे बादलीत काढले. पाणी फिरवणाऱ्या फिल्टरमध्ये एक स्पंज असतो, तो बाहेर काढला तर तपकिरी गाळाने बरबटलेला. झालं! धुलाईचं घराणं आमचं. जाऊबाईंनी तो नळाखाली चोळला, पिळला, पुन्हा चोळला, गरम पाण्यात बुडवला, तो नव्यासारखा निळा झाला तेव्हाच सोडला. खडी तांदळासारखी धुतली. झाडांचं पान न् पान मलमलच्या फडक्याने पुसलं. जुनं पाणी सगळं ओतून दिलं आणि थेट नळाचं भरलं. "साबण नाही लावला हं, तेवढी अक्कल आहे मला," असं नंतर मला सांगत होत्या.

टाकी अशी चकाकली की त्यांनी मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'शिक काहीतरी.' खरं सांगते, मी जळले.

दोनच दिवसांत मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. झाडांची पानं कडेने विरघळायला लागली. काही गप्पी मेले. वकीलसाहेब पंख मिटून एका कोपऱ्यात वर टांगल्यासारखे राहिले. जाऊबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या माशांच्या दुकानात धावल्या आणि दुकानदाराने विचारलं तसं सगळं सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. मासे जी घाण करतात तिचं पाण्यात विष होतं, आणि ते विष पचवणारे जीव त्या स्पंजच्या गाळात राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. तुम्ही ते नळाखाली धुऊन टाकलेत, तो म्हणाला, नवे तयार व्हायला आठवडे जातील. कुणाकडे जुनी, चालती टाकी आहे का ओळखीत? जितकी गाळाने भरलेली तितकी चांगली.

म्हणून जाऊबाई माझ्या दारात होत्या.

आता एवढी संधी चालून आल्यावर मी कशाला सोडू? मी कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, "कुठली देऊ जाऊबाई? हिरवी की तपकिरी?"

त्या माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या, ते पुसून न घेता बसल्या, आणि डबा मांडीवर धरून रडायला लागल्या.

"उद्या येतायत गं ते. त्या एका माशासाठी डोळ्यांत सुरी घालून घेतली त्यांनी. मी घालून घ्यायला लावली. आता काय दाखवू त्यांना?"

माझी सगळी मस्ती उतरली. मी जाऊबाईंना कधी रडताना पाहिलंच नव्हतं. त्यांच्याबद्दल जे काही मनात साठवून ठेवलं होतं ते बाहेर काढायची हीच वेळ होती, पण मला त्यातलं एकही आठवेना.

माझ्या फिल्टरमध्ये दोन स्पंज आहेत. त्यातला एक काढला. काय माखला होता! माझीच मला जरा लाज वाटली आणि जरा अभिमानही. डब्यात टाकीतलंच पाणी घेऊन त्यात तो बुडवला, म्हणजे वाटेत सुकायला नको. वरची तरंगती झाडं ओंजळभर उचलून पिशवीत घातली, कारण तीही पाण्यातलं विष ओढून घेतात, असं मला मामंजींनीच कधीतरी सांगितलं होतं. डबा जाऊबाईंनी स्वतः धरला, दोन्ही हातांनी. वाटेत त्यांच्या एक गिऱ्हाईक बाई भेटल्या. "काय एवढं जपून नेताय?" त्यांनी विचारलं.

"औषध," जाऊबाई म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत.

घरी पोचल्यावर आम्ही टाकीतलं निम्मं पाणी काढलं. दुकानदाराने नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचे थेंब दिले होते, ते घालून तयार ठेवलेलं पाणी हळूहळू आत सोडलं. मग मी माझा स्पंज टाकीत धरून एकदा दाबला. तपकिरी ढग उठला आणि सगळीकडे पसरला. त्या चकाकत्या टाकीचा पाहता पाहता चहा झाला. जाऊबाईंनी तोंडावर हात दाबला.

"श्वास घ्या, जाऊबाई."

"घेतेय. तू तिकडे बघ."

स्पंज त्यांच्या फिल्टरमध्ये बसवला, झाडं वर सोडली, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. दुकानदाराने खायलाही घालू नका म्हणून सांगितलं होतं. आम्ही दोघी जमिनीवर टाकीसमोर बसून राहिलो. खालून वाफेच्या इस्त्रीचा सुस्कारा ऐकू येत होता. भावजींनी दोनदा हाक मारली, जाऊबाई उठल्या नाहीत. फक्त थोड्या थोड्या वेळाने त्यांचा हात फडक्याकडे जायचा आणि काचेवरचा एखादा ओघळ पुसायचा. शेवटी मी ते फडकं घेतलं आणि त्यावर बसले.

"तुला चालतं कसं गं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या. "डाग दिसतो आणि तू पुढे जातेस. मला नाही जमत. मी लग्न होऊन आले तेव्हा एक बाई आपल्याकडे धुऊन पिवळी पडलेली साडी घेऊन आली आणि सगळ्यांसमोर माझ्या अंगावर फेकून गेली. तेव्हापासून मला पिवळी साडीच दिसते सगळीकडे."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "मला नाही दिसत बाई पिवळी साडी. म्हणून चालतं असेल."

त्या हसल्या. दुपार उतरली तेव्हा वकीलसाहेबांनी एक पंख उघडला. मग दुसरा. दिवे लागायच्या सुमाराला ते कोपरा सोडून टाकीच्या मध्यावर आले, जरा तिरके, पण आले. जाऊबाईंनी माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठला.

दुसऱ्या दिवशी मामंजी आले. काळा चष्मा लावलेला, चेहरा ताजातवाना. ज्या दिवशी त्यांना सगळ्यात स्वच्छ दिसणार होतं त्याच दिवशी टाकी सगळ्यात गढूळ होती. जाऊबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा टाकीपेक्षा वाईट दिसत होता. मामंजींनी नेहमीची खुर्ची ओढली, चष्मा काढला, काचेवर बोट टेकवलं. गढुळातून वकीलसाहेब आले आणि बोटासमोर थांबले.

मामंजी काचेला नाक टेकेल इतके पुढे वाकले.

"अरे," मग ते म्हणाले, "ह्याचे डोळे लाल आहेत की! इतके दिवस मी काळे समजत होतो."

आम्हा दोघींना बरं वाटलं, सुटलो असं वाटलं. पण नवे डोळे होते ते. ते फिरत राहिले.

"पंखाची कड झिजलीय. आणि गप्पी एवढेच कसे? झाडांना काय झालं?"

मी तोंड उघडलं. काहीतरी थाप मारणार होते, देवाशपथ. पण जाऊबाई पुढे आल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. स्पंज, गरम पाणी, मलमलचं फडकं, मेलेले गप्पी, सगळं. आणि शेवटी म्हणाल्या, "हिने आपल्याकडचा गाळ दिला म्हणून राहिले. माझ्या भरवशावर एकही राहिला नसता."

मामंजींनी त्यांच्याकडे मान वळवून नीट पाहिलं.

"चूक माझी," ते म्हणाले. "तुला 'काही करू नकोस' म्हणून सांगितलं. तुला असं सांगतं का कुणी? तुला काम नेमून द्यायला हवं होतं. फिल्टर आता तुझ्याकडे."

"माझ्याकडे नको," जाऊबाई घाबरल्या.

"तुझ्याकडेच."

पुढे गाळ खाली बसला, पाणी नितळलं, झाडांना नवी पानं फुटली. वकीलसाहेबांची कड भरून आली. मग एक दिवस फिल्टरची धार मंदावली आणि मामंजींनी जाऊबाईंना हाक मारली. जाऊबाईंनी मला फोन केला. "ये लगेच," एवढंच म्हणाल्या. मी गेले तर त्या टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन बसलेल्या, पदर खोचलेला, हातात तो स्पंज. मामंजी खुर्चीवरून बघत होते.

"एकदाच दाबायचा," मामंजी म्हणाले. "गच्च पिळायचा नाही. स्वच्छ करायचा नाही."

जाऊबाईंनी स्पंज बादलीत बुडवून दाबला. काळपट पाणी निघालं. त्यांनी तो वर उचलला. तपकिरीच होता, भोकाभोकांत गाळ तसाच. त्यांची बोटं पुन्हा वळायला लागली. मला दिसत होतं, त्यांना दिसत होतं, मामंजींनाही आता स्पष्ट दिसत होतं.

"धर गं माझा हात," जाऊबाई मला म्हणाल्या.

मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि घाणेरडा स्पंज तसाच फिल्टरमध्ये बसवला.